न मोजलेली मेंढरं

"मेंढरं किती, आबा?" असं कुणी विचारलं, की आबा आधी खांद्यावरची घोंगडी डोक्यावरून कानांवर ओढून घ्यायचे. मग विचारणाऱ्याकडे पाठ करून, माळावर पांगलेल्या कळपाकडे बघत म्हणायचे, "हायत तेवढी हायत."

पुन्हा विचारलं तरी तेच. फारच कुणी मागे लागलं तर एक वाक्य वाढायचं, "ज्येची हायत त्येला ठावं."

ज्याची म्हणजे बिरोबाची. आबा स्वतःला मेंढरांचे मालक समजतच नव्हते. सरकारी कागदावर मात्र मालक म्हणून त्यांचंच नाव होतं, आणि ते नाव तिथे लिहिण्याचं काम माझं होतं. म्हणून आमची गाठ पडली.

कुलकर्ण्यांची वतनं नुकतीच गेली होती आणि सरकारने माझ्यासारखी मिसरूड फुटलेली पोरं तलाठी म्हणून गावोगाव धाडली होती. मला मिळालं ते सणसरच्या पुढचं, इंदापूर तालुक्यातलं गाव. गावाचे सरळ दोन तुकडे होते. खालच्या अंगाला नीरेच्या कालव्याचं पाणी, तिथे ऊस, भाजीपाला, पेरूच्या बागा. वरच्या अंगाला नुसता माळ, कुसळं आणि बाभळी. खालची माणसं वरच्यांना धनगरं म्हणायची आणि वरची माणसं खालच्यांना चिखल्ये म्हणायची. दोघांचंही एकमेकांवाचून अडायचं, कारण खालच्यांना खतासाठी शेतात बसवायला मेंढरं हवी असत आणि वरच्यांना धान्य.

पहिल्यांदा मी चराईची पट्टी वसूल करायला माळावर गेलो, तेव्हा आबांनी माझ्याकडे निरखून बघितलं आणि विचारलं, "चष्मा कुठं ठिवला?"

मला चष्मा नव्हता. माझ्या आधी वर्षभर जो तलाठी होता, त्याला होता. तो गोरा, ढेरपोट्या आणि चाळिशीचा होता. मी काळा, काडीपैलवान आणि जेमतेम विशीतला. पण आबांच्या हिशेबी तलाठी म्हणजे तलाठी. मी त्या गावात होतो तोवर ते अधूनमधून माझ्या चष्म्याची चौकशी करत राहिले. आधी मी रागावलो, नंतर "घरी राहिला" म्हणायला लागलो.

माणसांची तोंडं त्यांच्या ध्यानात राहतच नसत. एकदा त्यांचा सख्खा जावई भेटायला आला, तर लांबूनच हात हलवून त्यांनी त्याला सांगितलं, "आज नगं रं बाबा, बांगड्या मागल्याच बाजाराला भरल्यात." जावई बिचारा पानसुपारीची पिशवी घेऊन उभा. पुढे कित्येक दिवस गाव त्या जावयाला कासार म्हणत होतं.

तुम्ही म्हणाल, म्हातारपणाने नजर गेली असेल. नजर घारीची होती. अर्ध्या माळावरून त्यांना लंगडणारं कोकरू दिसायचं. संध्याकाळी मेंढरं कोंडायच्या वेळी त्यांना बघायला हवं होतं. माळावर जाळीचं गोल कुंपण लावलेलं असे, त्याला ते वाघूर म्हणत. त्या वाघरीच्या तोंडाशी आबा उभे राहायचे आणि आत जाणाऱ्या प्रत्येक मेंढीच्या पाठीवर तळहात टेकवायचे. मेंढरांनाही त्याची इतकी सवय झाली होती, की तो हात पडेपर्यंत ती क्षणभर थांबायची. आबांचं तोंड तेवढा वेळ चालूच असे. "आली गं बाय. ह्या बगा, ह्या मिरवत आल्या. तुजं पोट का खपाटीला गेलंय? जा आत. ही मामलेदारीण, भाऊसाहेब. जाग्यावरनं हालत न्हाय, समद्यांनी हिच्याकडं यायचं."

एखादी आली नसेल, तर सगळी आत जायच्या आधीच आबा लेकाला हाक मारत. "कानावर पांढरा ठिपका हाय ती न्हाय आली. वढ्याला बग." लेक ओढ्याला जाई आणि ती घेऊन येई.

बाकीचे धनगर विसाची एक खंडी या हिशेबाने मेंढरं मोजायचे. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. आबांच्या घरात मात्र मोजणं बंद होतं. त्यांच्या वडिलांनी म्हणे कुठल्याशा रोगातून कळप वाचला तेव्हा बिरोबापुढे भंडारा उचलून शब्द दिला होता, की आता तू राखायचं, आम्ही मोजणार नाही.

"मोजलं तर काय होतं?" मी एकदा विचारलं.

"व्हतंय काय? काय सुदिक न्हाय." आबा म्हणाले. "पोरगी सासरी धाडली आन् रोज दारात जाऊन इचारलं, नांदतीस का गं, तर ती नांदंल का? भरवसा टाकला म्हंजी टाकला."

मी तेव्हा शहाणा होतो. म्हटलं, "आबा, तुम्हाला मोजता येत नाही, हे सरळ सांगा की."

म्हातारा पेटला. बारामतीच्या बाजारात लोकरीचा सौदा कसा होतो, गुंडाळ्या किती, भाव काय, अडत किती, हातात काय पडतं, हे त्यांनी मला एका दमात बोटांवर करून दाखवलं. हिशेब चोख होता. शेवटी म्हणाले, "मेंढरू सोडून समदं मोजतो. तुमच्या तोंडातलं दातबी मोजीन, म्हंता का?"

चराईच्या वेळी मात्र आमची तडजोड ठरलेली असे. मी मोजायचो, आबा पाठमोरे उभे राहायचे, कानांवर घोंगडी. मोजून झालं की मी पट्टीची रक्कम सांगायचो आणि ते कनवटीचे पैसे काढून द्यायचे. "मी जास्त सांगितली तर?" असं मी एकदा छेडलं. "सांगा की," आबा म्हणाले, "मग बिरोबा इचारील तुमाला. त्यो काय माज्यावानी पाठ करून उबा न्हाय." त्यानंतर मी जरा जपूनच मोजायला लागलो.

आबांची बायको कधीच गेली होती. घरात लेक, सून आणि एक विधवा बहीण. बहीण त्यांच्याहून बरीच धाकटी, पण ते तिला ताई म्हणत. लग्नात बापाने तिला थोडी मेंढरं आंदण दिली होती. कऱ्हाटीकडच्या सासरी नवरा गेला, पोरबाळ नव्हतं, तेव्हा ती आपली मेंढरं हाकत माहेरी परत आली. आपल्या मेंढरांच्या उजव्या कानाला तिने चीर दिली होती. चरायला कळप एकत्र, पण त्यांची लोकर तिची, कोकरं तिची आणि पैसाही तिचाच.

बाई तोंडाने फटकळ होती. मिश्रीने काळे झालेले दात दाखवत मला म्हणायची, "मी दादाच्या तुकड्यावर न्हाय हां, भाऊसाहेब. माजी मेंढरं मला पोसत्यात. लिवा तसं." माझ्याकडे तसं लिहायला रकाना नव्हता. पण तिच्या जगण्याचा सगळा ताठा त्या चिरलेल्या कानांच्या मेंढरांवर उभा आहे, हे मला कळत होतं. भाचेसुनेच्या चुलीपुढे ती कधी हात पसरून बसली नाही. आबांना त्याचा केवढा अभिमान होता. कुठलंही काम निघालं की पहिला मान तिच्या मेंढरांचा. औषध पाजायचं असो की नदीवर धुवायचं असो, "ताईची म्होरं घ्या" हे ठरलेलं.

होळीनंतरची लोकर कातरायलाही त्यांनी तिच्याच मेंढरांपासून सुरुवात केली. मी त्या दिवशी माळावरच होतो. आबा स्वतः कातरा घेऊन बसले होते आणि एकेक मेंढी उघडी होऊन, लाजल्यासारखी अंग झटकत पळत होती. ताईची सगळी झाली. बाकीची दुसऱ्या दिवशी ऊन कलल्यावर घ्यायची ठरली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आभाळ पिवळं झालं.

मी चावडीत होतो. आधी वारा आला, मग कौलांवर कुणी दगड भिरकावतंय असा आवाज सुरू झाला. आवळ्याएवढ्या गारा. खालच्या मळ्यांत पेरूचा बहर झोडपून निघाला, चावडीची अर्धी कौलं फुटली. गारा थांबल्या, पण त्यामागून जो पाऊस आणि बोचरा वारा सुटला, तो दिवस मावळेपर्यंत हटला नाही. चैत्रात आम्ही सगळे कुडकुडत बसलो होतो.

सकाळी माळावर गेलो. काय बघितलं ते अजून सांगवत नाही. अंगावर लोकर होती ती मेंढरं भिजून, फटके खाऊन, पण आपल्या पायांवर उभी होती. गारांच्या आदल्या दिवशी कातरलेली मात्र एका बांधाच्या आडोशाला एकमेकांत घुसून पडली होती. उबेसाठी घुसली असणार. तशीच गारठून गेली होती. दोन-चार काय ती धुगधुगत होती.

आबा त्यांच्यामध्ये मांडी घालून बसले होते. धोतराच्या सोग्याने एकेकीच्या तोंडावरचा चिखल पुसत होते आणि तिचं नाव घेत होते. ताई बाजूला उभी होती. ती रडली नाही. फक्त एकदा म्हणाली, "दादा, माजीच रं कशी?"

आबांनी मान वर केली नाही. उत्तर तिथे असलेल्या सगळ्यांना माहीत होतं. तिला मान दिला म्हणून तिची गेली.

सरकारने त्या वेळी तातडीने हालचाल केली, हे मला सांगितलंच पाहिजे. ज्यांची जनावरं गारपिटीत दगावली, त्यांना जनावरामागे मदत द्यायचा हुकूम इंदापूरच्या कचेरीतून निघाला. आमच्या गावाच्या दृष्टीने ही नवलाईच होती. सरकार घ्यायला येतं, एवढंच लोकांना ठाऊक होतं. द्यायला येतंय म्हटल्यावर पाटलांनी माझ्याकडे कागद दोनदा वाचून घेतला.

पण सरकार आलं की त्याला फसवणारेही येतातच. कुठल्याशा गावात मेलेली मेंढरं पंचनामा झाल्यावर बैलगाडीत घालून दुसऱ्या गावाला नेली आणि तिथे पुन्हा दाखवली. हे उघडकीला आलं आणि हुकुमाला शेपूट जोडलं गेलं. मेलेली जनावरं पंचांनी मोजायची. राहिलेली मात्र मालकाने स्वतः, पंचांच्या देखत, मोठ्याने मोजून दाखवायची आणि त्याखाली अंगठा द्यायचा. म्हणजे खोटं निघालं तर मालकाला धरता यावं. मी तो कागद वाचला आणि कपाळाला हात लावला.

पंचनाम्याला सर्कलसाहेब आले. भला माणूस होता. उन्हातान्हात पाच-सहा गावं करून आला होता, नाकाला रुमाल लावून बाभळीखाली बसला होता. मेलेली मेंढरं पंचांनी मोजली. तेवढा वेळ आबा पाठमोरे, कानांवर घोंगडी. तिथवर ठीक झालं.

"आता राहिलेली. मालक कोण? मोजा," सर्कलसाहेब म्हणाले.

"हायत तेवढी हायत," आबा म्हणाले.

साहेबांना वाटलं म्हातारा मिजास करतोय. मी मध्ये पडलो, सगळं समजावून सांगितलं, बिरोबा, भंडारा, वडिलांचा शब्द. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मी मोजतो, साहेब. चराईला मीच मोजतो," मी म्हणालो.

"तुम्ही मोजाल. उद्या कुणी अर्ज करेल, तलाठ्याने आपल्या माणसाचं साधून दिलं. मग माझीही नोकरी जाईल आणि तुमचीही."

"पाटील मोजतील."

"मालक, असं लिहिलंय."

मग ताई पुढे झाली. "सायेब, मेल्यात ती माजी. जिती हायत ती दादाची. त्येच्या जित्याचं माज्या मेलेल्याशी काय?"

"बाई, कळप एकाच नावावर आहे. अर्ज एकच." साहेबांचा आवाज खरोखर मऊ झाला होता. "मी वरच्या वाडीवर जाऊन येतो. दुपार कलेपर्यंत ठरवा. आज झालं नाही तर माझ्या हातात राहणार नाही."

ते गेले. पाटलांनी आबांना बाजूला घेतलं. "आबा, न मोजता तोंडाला यील त्यो आकडा ठोकून द्या की. कोण बगतंय?"

आबा म्हणाले, "बिरोबाच्या मालाचं खोटं सांगू?"

म्हणजे मोजायचं नाही आणि खोटंही बोलायचं नाही. मला मनातून राग आला. एका हट्टी म्हाताऱ्यापायी ही बाई उघड्यावर पडणार, असं वाटलं. मी तसं बोलणारही होतो, पण त्याआधी ताईच बोलली. तिचा तो नेहमीचा फटकळ सूर नव्हता.

"ऱ्हाऊ दे, दादा. मी जाती खुरपायला. खाली बागायतीत बाया लागत्यात म्हनं."

एवढंच. रागाने नाही, टोचायलाही नाही. मेंढरांमागे वाढलेली, जन्मात कधी कुणाच्या बांधावर रोजाने न गेलेली बाई, दुसऱ्या दिवसाचं काम सांगावं तसं सांगत होती.

आबा बराच वेळ खाली बसून माती उकरत होते. मग म्हणाले, "कातरा मीच लावला, ताई. पयला तुज्याच मेंढरांला लावला."

"तू काय जानून क्येलंस व्हय?"

"न्हाय. पर लावला."

ते उठले. माळाच्या टोकाला एका निंबाखाली बिरोबाचा शेंदूर फासलेला दगड होता. तिथे गेले, डोक्याचं पागोटं काढून खाली ठेवलं आणि कितीतरी वेळ हात जोडून उभे राहिले. काय बोलले ते मला माहीत नाही. परत आले तेव्हा कपाळभर भंडारा होता. लेकाला म्हणाले, "वाघूर लाव."

सर्कलसाहेब परत आले. वाघरीच्या तोंडाशी आबा उभे राहिले, पंच दोन्ही बाजूंना. लेकाने मेंढरं हाकली.

"एक," आबा म्हणाले.

त्यांनी हात पुढे केला नाही. नुसतं बोट दाखवलं. पहिली मेंढी सवयीने थांबली, पाठीवर हात पडायची वाट बघत. हात पडला नाही. आबांनी काठीच्या टोकाने तिला हळूच आत ढकललं. "दोन." दुसरीही थांबली. तिलाही ढकललं. मेंढरांना काय झालंय ते कळेना. ती थांबत होती, मान वळवून बघत होती, मागची पुढचीवर चढत होती. आबा मोजत होते. एकीचंही नाव घेतलं नाही. एकीलाही काही बोलले नाहीत. सुरुवातीला आकडा अडखळत होता, शेवटी शेवटी तर शाळेतलं पोर पाढे म्हणतं तसा एका सुरात चालला. शेवटचं मेंढरू आत गेलं तेव्हा त्यांनी आकडा मोठ्याने सांगितला आणि घाम पुसला.

तो आकडा मी कागदावर लिहिला. इथे लिहीत नाही.

मदत यायला पावसाळा उजाडला, पण आली. ताईने त्यातून मेंढ्या घेतल्या, त्यांच्या उजव्या कानाला चीर दिली आणि मला चावडीत येऊन सांगून गेली, "आता लिवा, मी कुनाच्या तुकड्यावर न्हाय." मला मनापासून आनंद झाला. नोकरीत केलेल्या कामाने कुणाचं भलं झालेलं मी पहिल्यांदाच बघत होतो.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी काही कामाने माळावर गेलो. मेंढरं कोंडायची वेळ होती. आबा वाघरीच्या तोंडाशी उभे होते, पण त्यांचं तोंड बंद होतं. मेंढरं मुकाट्याने आत जात होती. सगळी गेल्यावर ते लेकाला म्हणाले, "एक कमी हाय."

"कंची?" लेकाने विचारलं.

आबा वाघरीत डोकावले, या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं. पुन्हा बघितलं.

"कंची ते समजंना," ते म्हणाले. "पर एक कमी हाय."

लेक माझ्याकडे बघायला लागला. मग कंदील घेऊन ओढ्याकडे गेला. त्याला मेंढी सापडली, आकडा बरोबर होता. पण आबांना त्यात काही समाधान नव्हतं. दगडावर बसून ते मला म्हणाले, "भाऊसाब, त्या दिसापास्नं असंच हुतंय. मेंढरू समोर येतंय तर आदी आकडाच म्होरं येतोय. तोंडं पुसल्यावानी झाल्यात. मी म्हंतो आजच्या दिस मोजायचं न्हाय, तर डोसकं आपलं आपन मोजतंय. एकदा सुरू क्येलेलं थांबतच न्हाय."

"बिरोबा रागावला असेल का?" मी विचारलं. माझा काही विश्वास नव्हता, पण विचारलं.

"त्यो कशाला रागावतोय? त्याला सांगूनच मोजली की. त्यो काय म्हनला न्हाय. राकायचं बी त्यानं सोडलं नसंल. पर आता आमी दोगं बी राकतोय. तवा त्येचं त्येला नि माजं मला."

हुकूम चुकीचा नव्हता. ज्यांनी बैलगाडीतून मेलेली मेंढरं फिरवली, त्यांच्यासाठी तो बरोबरच होता. सर्कलसाहेबांनी जाच केला नाही. ताईला मदत हवीच होती. कुणाकडे बोट दाखवावं तर जागा सापडत नाही, आणि तरीही इतक्या वर्षांनंतर मला त्या दुपारचं वाईट वाटतं. माणसाला मदत देताना त्याच्याकडून आपण काय मागून घेतो, ते देणाऱ्याला दिसतच नाही. त्या दिवशी मला ते दिसलं आणि करण्यासारखं माझ्या हातात काही नव्हतं.

दिवाळीनंतर आबांनी काठी लेकाच्या हातात दिली आणि कालव्याखाली एका बागाईतदाराच्या पेरूच्या बागेत राखणदार म्हणून राहिले. दिवसभर मचाणावर बसून गोफणीने पोपट उडवायचे. धनगराचा म्हातारा चिखल्यांकडे चाकरीला राहिला म्हणून वरच्या गावाने नावं ठेवली. आबांनी मनावर घेतलं नाही. "पाखरं बरी," मला म्हणाले, "आली काय, गेली काय. कुनाचीच न्हाईत."

माझी बारामतीकडे बदली झाली. निघण्यापूर्वी त्यांचा निरोप घ्यायला बागेत गेलो. योगायोगाने शेजारच्या मोकळ्या रानात त्या दिवशी त्यांच्याच घरचा कळप बसवायला आणला होता. ताई पुढे चालली होती, लेक मागे. आबा बांधावर माझ्याशेजारी बसले होते आणि कळपाकडे पाठ करून माझ्या नव्या गावाची चौकशी करत होते. तिकडे पाणी कसं आहे, माणसं कशी आहेत.

बोलता बोलता एक मेंढी कळपातून फुटली. ताईने हाळी दिली, तरी ती थांबली नाही. सरळ बांधावर चढून आली आणि आबांच्या काखेत डोकं खुपसून उभी राहिली. आबा दचकले. मग त्यांनी तिची हनुवटी हातात धरून तोंड वर केलं आणि तिच्याकडे बघत राहिले. बराच वेळ बघत राहिले.

ताई धापा टाकत बांधाशी आली होती. आबांनी विचारलं, "ताई, ही कंची गं?"

ताई पदराने तोंड पुसत राहिली.

"तूच वाडीवलीस की, दादा," ती म्हणाली. "आय मेली हुती हिची. तुज्याच घोंगडीत निजायची. बोट चोखवून दूद पाजलंयस तिला."

"व्हय का?" आबा म्हणाले. "मग वळकाय पायजे हुती."

आणि ते तिची मान खाजवत राहिले. मेंढी डोळे मिटून उभी होती.